लोणंद ते फलटण : दिंडीतली जागा

ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीसोबत रिंगणात धावणारे अश्व आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीचे, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. 1832 च्या सुमारास हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला आजचं रूप दिलं, तेव्हा अंकलीचे शितोळे सरकार त्यांच्या पाठीशी उभे राहिले. आजही अश्व अंकलीहून चालतच आळंदीला जातात. तेवढं चालणं माझ्याच्यानं होणार नव्हतं. चार दिवसांची रजा टाकली आणि रेल्वेनं लोणंद गाठलं. आपल्या सीमाभागातली एक दिंडी तिथे मुक्कामाला होती.

नवा माणूस म्हणून चौकशी होईल, असं वाटलं होतं. भिशी घेणाऱ्या काकांनी वहीत गाव आणि फोन नंबर लिहिला, पिशवी ट्रकमध्ये टाकायला सांगितली आणि एवढंच विचारलं, "वाढायला जमतंय न्हवं?" पहिल्या रात्री मी पंगतीत भाकरी वाढली. समोरचा प्रत्येक जण 'माउली', आणि मीही माउलीच. पासष्टीचे एक आजोबा माझ्या पाया पडले तेव्हा मी दचकून मागे सरलो. इथे पाया पडलेल्याच्या आपणही पाया पडायचं असतं, हे मग कळलं.

सकाळी हातात टाळ आले. पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मृदंग, वीणेकरी, मागे तुळस डोक्यावर घेतलेल्या बायका. माझी पावलं सारखी चुकत होती. शेजारचे काका म्हणाले, "पायाकडं बघू नका, माउली. मृदंग ऐका." हे काका रायबागकडचे शेतकरी. फोनवर घरी बोलायचे ते कन्नडात आणि अभंग मात्र सगळे मराठीत तोंडपाठ. रांग तुटली की मला हाक मारायचे, "बर्री माउली!" भाषेवरून आपल्याकडे काय काय झालंय, ते तुम्हाला सांगायला नको. त्या रांगेत मला त्याची आठवणही झाली नाही. चांदोबाच्या लिंबाजवळ उभं रिंगण झालं, अश्व दौडत गेले, तेव्हा "आपल्याकडचं घोडं!" म्हणून दोघांनीही टाळ्या पिटल्या.

संध्याकाळी तरडगावच्या तळावर समाजआरती. चोपदारांनी दंड उंचावला की हजारो टाळ एकदम गप्प होतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिकडे जातात, ऐकून घेतात, तोडगा काढतात. मला ही रीत फार आवडली. आत घेतलेल्या माणसाला भांडायचाही हक्क आहे.

दुसऱ्या दिवशी फलटणच्या वाटेवर चोखोबांचे अभंग लागले. त्यांचे शब्द वारकऱ्यांनी शतकानुशतकं गायले. त्यांची समाधी मात्र महाद्वारासमोर, देवळाबाहेर. पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हायला 1947 साल आणि साने गुरुजींचं उपोषण लागलं. वाटेवर सगळ्यांना माउली म्हणणं आणि दार उघडणं, या दोन गोष्टींमध्ये एवढं अंतर पडलं होतं. 'माउली' म्हणताना ते विसरून चालणार नाही.

फलटणला रात्री कीर्तनानंतर मी वीणेकरी महाराजांकडे माळ मागितली. त्यांनी विचारलं, "मांस-मद्य सुटलंय? एकादशी, हरिपाठ, दरवर्षीची वारी झेपंल?" मी लगेच हो म्हणालो नाही. ते हसले. "मग वर्षभर करून बघा. माळ कुठं पळून जात न्हाई. दिंडीत चालायला मात्र माळ लागत न्हाई."

दिंडीत जागा मागितल्याबरोबर मिळते. माळ घ्यायची तर आधी स्वतःला तपासावं लागतं. दोन्ही मला पटलं. आतापर्यंत सात एकादश्या झाल्यात, हरिपाठ अधूनमधून चुकतो.

ज्येष्ठ वद्य अष्टमीला पालखी आळंदीहून निघते. कुणाला चार दिवस यायचं असेल तर रजेचा अर्ज आधीच टाका. वाढायला माणसं कमीच पडतात.