शून्यावरची खूण

उज्जैनमधल्या नानाखेड्याच्या बसस्थानकातून इंदूरची बस निघते तेव्हा कंडक्टरची हाळी मागच्या वसाहतीच्या अंगणांपर्यंत पोचते. जूनमधल्या एका रविवारी त्यातल्याच एका अंगणात, कडुलिंबाखाली, पहिल्या पिढीतली एक होंडा सिटी पुढच्या डाव्या अंगाने घोडीवर उचलून ठेवली होती. चाक काढून बाजूला निजवलेलं. चाकाच्या पोकळीत डोकं घालून काका बसले होते आणि पोह्यांची बशी हातात घेऊन पुतणी शेजारी उकिडवी. बाहेरचे पट्टे सकाळीच निघाले होते. आता वाट अडवून उभा होता एकच बोल्ट.

क्रँक पुलीचा बोल्ट. पिस्टनांच्या वर-खाली धावण्याची गिरकी करतो तो क्रँकशाफ्ट. त्याचं एक टोक गिअरबॉक्सकडे जातं आणि दुसरं इंजिनाबाहेर डोकावतं. त्या टोकावर ही पुली बसते आणि अल्टरनेटरपासून एसीच्या कॉम्प्रेसरपर्यंत सगळ्यांना पट्ट्यांनी ओढत राहते. तिच्या मागे, झाकणाआड, दातेरी रबरी टायमिंग बेल्ट. क्रँकची आणि झडपा उघडणाऱ्या कॅमशाफ्टची लय त्याने बांधलेली असते. साधारण लाखभर किलोमीटर झाले की तो बदलायचा. वेळेत बदलला नाही आणि चालत्या गाडीत तुटला, तर पुष्कळ इंजिनांत पिस्टन वर येऊन उघड्या झडपांवर आदळतात आणि हजारांचं काम लाखाच्या घरात जातं. त्या पट्ट्यापर्यंत पोचायचं तर पुली काढायला हवी, आणि पुली काढायची तर मधला बोल्ट.

काका देवासच्या एका कारखान्यात तीसेक वर्षं फिटर होते. घरात मराठी, फाटकाबाहेर हिंदी, आणि हातात पाना असला की दोन्हींची खिचडी, अशी त्यांची बोली. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी उज्जैनहून ग्वाल्हेरला नेली, तरी मागे राहिलेली मराठी घरं इथल्या मातीत रुजली. काकांच्या बोलण्यात 'गोटी दे', 'पाइप लाव', 'आटे बघ' हे सगळं एकाच दमात येतं. गोटी म्हणजे सॉकेट. इंदूर-उज्जैनच्या गॅरेजांत हाच शब्द चालतो, आणि तो हातात घेतल्यावर पटतोही.

बोल्ट हट्टी आहे असं आपण म्हणतो. खरं तर तो नेमलेलं काम करत असतो. पुली आणि शाफ्ट यांच्यामध्ये एक छोटी चावी बसवलेली असते, पण ती मुख्यतः पुली योग्य कोनात बसावी म्हणून. प्रत्येक स्फोटाबरोबर क्रँकला बसणारे झटके पेलतो तो बोल्टचा ताण: बोल्ट आवळताना किंचित लांबतो आणि ताणलेल्या स्प्रिंगसारखा पुलीला शाफ्टवर दाबून धरतो. या घराण्यातल्या इंजिनांसाठी आवळण्याचा आकडा सुमारे 180 न्यूटन-मीटर. बोल्ट 14 मिलिमीटर जाडीचा धरला, तर ढोबळ हिशेबाने तो 6 टनांहून अधिक जोराने पुली दाबत असतो. म्हणजे अशा सहाएक मोटारींचं ओझं अंगठ्याएवढ्या पोलादाच्या दांडीवर. आणि आवळताना लावलेल्या जोरापैकी जेमतेम दहावा हिस्सा या ताणाच्या कामी येतो. बाकीचा बोल्टच्या डोक्याखालचं आणि आट्यांमधलं घर्षण खाऊन टाकतं. सोडवणाऱ्याची गाठ पडते ती या घर्षणाशी. त्यात वीस वर्षांची उष्णता, माळव्याची काळी धूळ आणि तितक्याच पावसाळ्यांचा गंज मिसळला, की कारखान्यातल्या आकड्याच्या कितीतरी पुढे जाईपर्यंत बोल्ट जागचा हलत नाही.

पहिला प्रयत्न नेहमीचा झाला. गाडी पाचव्या गिअरमध्ये घातली, पुतणी आत बसून ब्रेकवर उभी राहिल्यासारखी दाबून बसली, आणि काकांनी लांब दांड्याच्या टॉमीवर भार टाकला. टॉमी चार बोटं खाली गेली. सोडल्यावर पुन्हा होती तिथे आली. इंजिनाखालचे रबरी माउंट, क्लचच्या स्प्रिंगा, ॲक्सलचा पीळ, टायरचं रबर, सगळ्यांनी थोडा थोडा जोर पिऊन घेतला होता. बोल्टपर्यंत पोचलं ते फार थोडं.

"काका, तुम्ही ओढलंत तेव्हा आत सीटसुद्धा हलली."

"म्हणजे गाडी हलतेय, बोल्ट नाही. आधी क्रँक घट्ट धरायला हवा. धरण्याचं काम अर्धवट झालं की ओढण्यात नुसता दम जातो."

इतक्यात कुंपणापलीकडून शेजाऱ्यांची सूचना आली. "भिया, टॉमी नीचे टिका दो और सेल्फ मार दो, अपने-आप खुल जाएगा." ही युक्ती देशभरातल्या गॅरेजांना ठाऊक आहे. बोल्टवर टॉमी चढवायची, तिचं टोक जमिनीला किंवा चॅसीला टेकवायचं आणि स्टार्टर क्षणभर फिरवायचा. इंजिन फिरू बघतं, टॉमी अडते, बोल्ट सुटतो. त्यात टॉमी निसटून उडाली तर माणसाचं हाड मोडू शकतं. पण काकांनी मान हलवली ती आणखी एका कारणासाठी. बहुतेक मोटारींची इंजिनं पुलीच्या बाजूने पाहिल्यास घड्याळाच्या दिशेने फिरतात. होंडाची ही जुनी डी मालिकेची इंजिनं उलटी फिरतात, आणि बोल्टचे आटे मात्र सरळच. इथे सेल्फ मारला असता तर बोल्ट सुटला नसता, आणखी आवळला गेला असता. पुतणीने हवेत बोट फिरवून दोनदा पडताळा पाहिला, तेव्हा तिला पटलं. दिशांचा हा हिशेब तोंडी ऐकून पटत नाही, तो हाताने करूनच बघावा लागतो. सायकलच्या डाव्या पॅडलला उलटे आटे का असतात, हे सायकल उघडून बघितलेल्या मुलालाच कळतं, तसं.

जुन्या गाड्यांत हा बोल्ट असा लपलेला नव्हता. अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या नाकाशी एक भोक असे. त्यातून वाकडं हँडल आत सरकवलं की ते थेट पुलीच्या मधल्या नटाच्या दात्यांत अडकायचं. थंडीत बॅटरी बसली की बाबा लोक तेच हँडल मारून गाडी चालू करायचे. हँडल घड्याळाच्या दिशेने फिरवायचं, आणि त्याच दिशेला तो नट आवळला जायचा. हजारदा हँडल मारलं तरी नट ढिला होत नसे, ही त्या रचनेतली समज. 1912 मध्ये कॅडिलॅकने चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर मोटारीत आणला आणि उलट्या झटक्याने मनगट मोडणारं हँडल जगभरातून हळूहळू निघून गेलं. भारतात मात्र ते कितीतरी दशकं डिकीत पडून असायचं. त्या काळच्या मिस्त्रीकडे पान्यांचे दोन संच लागत. अँबॅसडर मूळची इंग्लंडमधली मॉरिस ऑक्सफर्ड, तिचे नट इंचांच्या मापाचे; पद्मिनी मूळची इटलीची फियाट, कुर्ल्यात बनली तरी तिचे नट मिलिमीटरचे. काकांच्या पत्र्याच्या पेटीत दोन्ही संच अजून आहेत, वेगवेगळ्या फडक्यांत गुंडाळलेले.

बोल्ट गॅसच्या ज्वाळेने तापवावा का, हाही विचार झाला. पोलाद शंभर अंशांनी तापलं तर 14 मिलिमीटरच्या बोल्टची जाडी मिलिमीटरच्या साठाव्या हिश्शाएवढी वाढते, आणि तेवढ्या हालचालीनेही गंजाची पकड फुटू शकते. पण पुलीच्या मागेच क्रँकचं रबरी ऑइल सील असतं. ते भाजलं तर एका बोल्टपायी तेलाची गळती घरात येणार. काकांनी आगीऐवजी बोल्टच्या डोक्याभोवती गंज सोडवणारं तेल टाकलं, हातोडीने डोक्यावर सरळ, बेताचे दहा-बारा ठोके दिले आणि तेल आत उतरायला वेळ दिला. बोल्टला वेळ देणं हा कामाचा भाग आहे; घाईत डोक्याचे कोपरे घासले गेलेले बोल्ट प्रत्येक गॅरेजच्या भंगारात सापडतात.

दुपार झाली. कडुलिंबाची सावली बुंध्याशी गोळा झाली. कर्कवृत्ताला खेटून असलेल्या या शहरात 21 जूनच्या सुमारास, घड्याळात 12 वाजून 28 मिनिटं होत असताना, उभ्या काठीची सावली जवळजवळ नाहीशी होते. क्षिप्रेकडच्या जयसिंगपुऱ्यातल्या वेधशाळेत शंकुयंत्राभोवती ती बघायला गर्दी जमते. माळव्याचे सुभेदार असताना सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ती वेधशाळा उभारली. मोडकळीला आल्यावर 1923 मध्ये माधवराव शिंद्यांनी तिची दुरुस्ती करवली, आणि गोविंद सदाशिव आपट्यांनी तिचे अधीक्षक म्हणून काम पाहिलं. भारतीय ज्योतिषाने रेखांश मोजायला सुरुवात केली ती उज्जैनमधून जाणाऱ्या रेषेपासून. जगाने ग्रिनिचला शून्य मानण्याच्या कितीतरी शतकं आधी पंचांगकर्त्यांचं शून्य इथे होतं.

पुलीच्या कडेवरही असंच एक शून्य असतं. पांढऱ्या रंगाने भरलेली एक बारीक खाच. झाकणावरच्या खुणेसमोर ती आली की पहिला पिस्टन अगदी वर पोचलेला असतो, आणि इंजिनातल्या सगळ्या वेळा तिथून मोजायच्या. काकांनी पुतणीला ती खाच ओल्या फडक्याने पुसून दाखवली होती. बोल्टला हात लावण्याआधी तिने आपल्या नेलपॉलिशने बोल्टच्या डोक्यावरून पुलीवर जाणारी एक सरळ रेघही ओढून ठेवली होती. बोल्ट हलला की नाही ते डोळ्यांना कळावं म्हणून.

जेवणं झाल्यावर काका वेल्डरकडे गेले. होंडाच्या पुष्कळ पुल्यांना मध्ये मोठं षटकोनी भोक असतं, 50 मिलिमीटरचं. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये त्यात बसणारं खास हत्यार मिळतं. काकांना त्याचा सोपा पर्याय फिटरकीत सापडला होता. 33 मिलिमीटरच्या बोल्टला लागणारा नट समोरासमोरच्या दोन बाजूंमध्ये बरोबर 50 मिलिमीटर भरतो. भंगारातून असा नट शोधला, जाड पट्टीला भोक पाडून त्यावर तो वेल्ड करून घेतला. नटाच्या पोकळीतून गोटी आरपार जाते. एकाच जागी एक हत्यार धरणार आणि दुसरं सोडवणार.

नट पुलीत चपखल बसला. पट्टीचं टोक गाडीच्या पुढच्या बाजूला वळवून लाकडी ठोकळ्यावर टेकवलं. गोटीला जाड एक्स्टेन्शन, त्याचं बाहेरचं टोक दुसऱ्या घोडीवर अलगद पेललेलं, म्हणजे जोर वाकण्यात वाया जाऊ नये. टॉमीवर सव्वा मीटरचा पाइप चढला. इतक्या लांबीवर पंधरा किलो भारही कारखान्याच्या आकड्याला पुरेसा होतो. पुतणीने गुडघा टेकून पट्टी ठोकळ्यावर दाबून धरली. काकांनी तिचे हात पट्टीच्या वाटेतून मागे घ्यायला लावले, पुन्हा एकदा दिशा बघितली, आणि पाइपवर भार टाकत गेले. पंधरा किलो. तीस. पाइप लवला. अजून काही नाही. मग ते पाइपच्या टोकाशी सरकले आणि अंगाचं बरंचसं वजन हळूच सोडलं.

कटाक.

बंदुकीच्या बारासारखा आवाज. कडुलिंबावरचे पोपट उडाले. दोघंही गोठली, कारण बोल्ट सुटण्याचा आणि तुटण्याचा आवाज कानाला सारखाच वाटतो. पुतणी आधी वाकली. नेलपॉलिशची रेघ मधोमध तुटली होती. पुलीवरचा तुकडा जागीच, बोल्टवरचा बोटभर डावीकडे.

"सुटला, काका!"

तिने गोटी नुसत्या हाताने फिरवली तेव्हा बोल्ट आटा-आटा उलगडत बाहेर आला. डोक्याखालच्या कडीवर चकाकती, ओरखडे पडलेली एक गोल पट्टी होती. इतकी वर्षं घर्षणाने पकड धरली होती ती तिथे. काकांनी तो फडक्यावर ठेवला आणि परत बसवायचा नाही म्हणाले. नवा आणलेला होताच.

पुढचं काम सरळ होतं. पुली, झाकण, जुना पट्टा, नवा पट्टा. खुणा जुळवायला मात्र तासभर लागला, कारण पुतणीला प्रत्येक खूण स्वतः बघायची होती आणि काकांनी ती बघू दिली. नवा बोल्ट टॉर्क पान्याने आवळताना शेवटी पान्याने हलकीशी 'टिक' दिली; दुपारच्या त्या आवाजापुढे अगदीच नाजूक. मग सेल्फला हात न लावता, गोटी लावून, इंजिन हाताने त्याच्याच उलट्या दिशेने फिरवायचं होतं. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो. पुतणीने फिरवलं, काकांनी टॉर्च धरला. पहिला फेरा. दुसरा फेरा पुरा होत आला तशी ती हळू झाली. वरच्या चक्रावरचं 'अप' वर आलं, आणि खाली पांढरी खाच सरकत सरकत झाकणावरच्या खुणेसमोर येऊन थांबली.

"अजून एकदा फिरवू?" तिने विचारलं.

"फिरव," काका म्हणाले, आणि टॉर्च जवळ नेला.