ऊणोदरी आणि गोळ्यांची डबी



माझ्या धाकट्या जावेची वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया होऊन आठ महिने झाले. तिची ‘स्लीव्ह’ झाली. यात जठराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग काढतात, केळ्याएवढी नळी उरते. अर्धी वाटी मुगाचं वरण घेतलं की ती ताटावरून उठते. स्थानकात बायका म्हणतात, “तुझी तर रोजचीच ऊणोदरी!” यंदा पर्युषणात तिनं अठाई करावी, असा आग्रहही सुरू झालाय. म्हणून हे लिहितेय.

जठराच्या वरच्या भागात घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक तयार होतं. तो भागच काढल्यानं मेंदूला भुकेचा निरोप कमी जातो. अन्नही आतड्यात लवकर उतरतं, आणि तिथून जीएलपी-1 सारखी पोट भरल्याचं सांगणारी संप्रेरकं जास्त सुटतात. ऊणोदरी म्हणजे भूक असताना दोन घास कमी घेणं. हिला भूकच कमी. कुणी तपस्विनी म्हटलं की तिलाच अवघडल्यासारखं होतं.

मी बी.कॉम., मला हिशेबाच्या भाषेत पटतं. आवक घटली, पण शरीराचा खर्च थांबत नाही. दिवसाला निदान 60 ग्रॅम प्रथिनं हवीत, तीही अर्ध्या-अर्ध्या वाटीतून. नवकारशी ते चौविहार एवढ्या वेळात दूध, पनीर, मूग असं पाच-सहा वेळा थोडं थोडं बसवावं लागतं. द्विदल नको म्हणून कच्चं दही डाळीपासून वेगळं. पाणीसुद्धा जेवणानंतर अर्ध्या तासानं. तरी चौथ्या महिन्यात केस मूठभर गळाले.

बी-12 आपल्याला मुख्यतः दुधातूनच मिळतं, त्यामुळे शिल्लक आधीच थोडी. ते शोषायला जठरातून येणारी मदत आता कमी. यकृतातल्या साठ्यावर काही काळ निभावतं, म्हणून तूट उशिरा कळते: हातापायांना मुंग्या, थकवा, विसराळूपणा. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत दोन तासांचं अंतर लागतं. बऱ्याच कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांपासून केलेलं असतं. ते चालत नसेल तर डॉक्टरांकडून साधी गोळी किंवा इंजेक्शन लिहून घ्या, पण औषध सोडू नका.

पाळी गेलेल्यांनी हाडांची तपासणी करून घ्यावी. सुना-लेकींचं उलट. वजन उतरलं की पीसीओएसमधली अनियमित पाळी बरेचदा सुधारते आणि अचानक दिवस राहू शकतात. डॉक्टर मात्र 12 ते 18 महिने थांबायला सांगतात.

आता अठाई. आठ दिवस नुसतं पाणी, गोळ्याही बंद. बी-1 चा साठा शरीरात जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो. आधीच कमी खाणाऱ्या बाईचा तो संपला तर मेंदूला आणि नसांना इजा होते, कधी कायमची.

जावेनं महासतीजींनाच विचारलं. त्या म्हणाल्या, तपाचे प्रकार बारा, अनशन त्यातलं एक. तू स्वाध्याय कर, सामायिक वाढव. आता ती रोज दोन सामायिक करते.

तुमच्या ओळखीत अशी कुणी असेल, तर तिला तपाचा आग्रह करू नका. पारण्याला बोलावलंत तर छोटी वाटी द्या आणि “एवढंच?” म्हणू नका.