घाटातला भेरली माड

२० मार्चला महाडला येणारी आपली बरीच मंडळी चवदार तळे, क्रांतिस्तंभ आणि जमल्यास गांधारपाल्याची लेणी पाहून परतीची गाडी धरतात. एखादा दिवस हाताशी असेल तर मुलाबाळांसह पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून पाहावा. महाबळेश्वरला नेणारा हा सुमारे चाळीस किलोमीटरचा रस्ता मुलांना झाडांविषयी खूप काही शिकवतो.

खाली सावित्रीच्या खोऱ्यात नारळ, सुपारी दिसते. घाट चढत गेलो की नारळ मागे पडतो. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर. हिवाळ्यात तिथे वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात. नारळाला अशी थंडी सोसत नाही. आंब्याची फांदी गेली तर दुसरी फुटते. नारळाला फांद्याच नसतात, वाढीचा कोंब एकच, तोही शेंड्यात. तो गारठून मेला की झाड गेले!

सह्याद्रीच्या ओल्या दऱ्यांत मात्र भेरली माड उभा असतो. पाने माशाच्या शेपटीसारखी. थोडाफार गारठा तो सोसतो. जगात याहून काटक माडही आहेत. कुमाऊँच्या पिथोरागड भागातला एक माड बर्फ अंगावर घेतो. चीनमधला त्याचा भाऊबंद आज इंग्लंडच्या बागांतही उघड्यावर वाढतो.

भेरली माड आयुष्यात एकदाच फुलोऱ्यावर येतो. पहिला घोस शेंड्याजवळ, मग एकेक खाली. शेवटच्या घोसाची फळे पिकली की झाड मरते. म्हणून बी पडण्याआधी तो तोडला तर त्याचा वंशच खुंटतो.

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातले तळीये, पोलादपूर तालुक्यातले केवनाळे आणि सुतारवाडी दरडीखाली सापडले. किती घरे उजाड झाली! एका झाडाने दरड थांबत नाही हे खरे; पण उघडा डोंगर जास्त धुपतो, हेही तितकेच खरे.

गावी जागा असेल तर झाडाखाली पडलेले पिकलेले बी आणावे. गराने हाताला खाज सुटते, म्हणून हाताला पिशवी बांधूनच ते सोलावे. ओलसर मातीत, सावलीत पेरावे. उगवायला काही महिने लागतात, तेव्हा कुंडी रिकामी समजून फेकू नये. रोप वाढले की शेंडा जपावा. बाकीचे पाऊस पाहून घेईल.