पन्नास वर्षांनंतरची पेठ

व्यापारी कुटुंबांत गाव सोडणे ही नवलाची गोष्ट नाही. मारवाड आणि गुजरात सोडून पूर्वज पुण्यात आले, आणि त्यांच्यातल्याच काहींच्या वंशजांनी पुढे पुणेही सोडले. कोणी मद्रासला गेले, कोणी नैरोबीला, कोणी हिऱ्यांच्या व्यापारासाठी अँटवर्पला. अशांपैकी एक जण १९७५ साली ऐन पंचविशीत पुण्याहून निघाला आणि मधल्या काळात त्याचे येणे झाले नाही, अशी कल्पना करावी. आज पंच्याहत्तरीत तो परतला, तर त्याला सर्वांत अधिक आश्चर्य कशाचे वाटेल?

संगणक, मोबाइल, इंटरनेट ही उत्तरे सहज सुचतात. परंतु या वस्तू त्याने परमुलखातही पाहिलेल्या असणार. जग बदलले हे त्याला ठाऊक असते. आपली पेठ बदलली असेल, हे मात्र मनाला पटत नाही. म्हणून त्याच्या आश्चर्याचा शोध घ्यायचा, तर तो पेठेतूनच हिंडून घ्यावा लागेल.

सकाळी स्वारगेटजवळच्या दादावाडीत दर्शन घेऊन तो बाहेर पडला, की पहिला धक्का बसेल तो रस्त्याचा. त्याच्या आठवणीतील पुणे सायकलींचे होते. बजाजची चेतक स्कूटर हवी असेल, तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. अनेक घरांत मुलाच्या लग्नाचा विचार मनात धरून स्कूटर नोंदवली जाई. आज तेच चेतक हे नाव धारण केलेली गाडी शेजारून जाते, पण तिला आवाज नाही आणि पेट्रोलही लागत नाही. २०२० सालापासून ती विजेवर धावू लागली आहे.

दुसरा धक्का जमिनीखालचा. पुण्यातील मेट्रो ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाली आणि जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मार्ग २९ सप्टेंबर २०२४ रोजी खुला झाला. ही गाडी मुठेच्या पात्राखालून, कसब्याखालून आणि मंडईखालून येते. सरकत्या जिन्याने खाली उतरायचे आणि पुढच्याच स्थानकावर, म्हणजे मंडईला, वर यायचे. जुन्या वाड्यांच्या पायांखाली आगगाडी धावेल, असे १९७५ साली कोणी म्हटले असते, तर पेठेतल्या कट्ट्यावर त्याची दिवसभर थट्टा झाली असती.

तरीही ही आश्चर्ये डोळ्यांची आहेत. व्यापाऱ्याच्या मुलाला खरे थबकायला लावणारी गोष्ट मंडईच्या आत आहे.

मंडईची इमारत तीच आहे. १८८६ साली 'रे मार्केट' या नावाने सुरू झालेली आणि पुढे महात्मा फुले यांचे नाव मिळालेली ही वास्तू त्याला लांबूनही ओळखू येईल. बदलले आहे ते गाळ्यावर. तागडी, तिच्या साखळ्या आणि लोखंडी वजनांची उतरंड जाऊन तेथे काचेच्या पट्टीवर आकडे उजळणारा इलेक्ट्रॉनिक काटा आला आहे. भाजी ठेवताच वजन विक्रेत्याला आणि ग्राहकाला एकाच वेळी दिसते. पूर्वी तागडीच्या दांडीवर ठेवलेले बोट, पारड्याखाली चिकटवलेला चिंचेचा गोळा अशा युक्त्यांच्या कथा बाजारात सांगितल्या जात. तागडी हाती धरणाऱ्याची नियत हेच ग्राहकाचे संरक्षण असे.

येथे जैन मनाला तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायाची आठवण होणे साहजिक आहे. श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार तेथे सांगितले आहेत, त्यांतील एक म्हणजे हीनाधिकमानोन्मान, अर्थात देताना कमी आणि घेताना अधिक मापणे. शतकानुशतके या दोषापासून व्यापाऱ्याला वाचवत आले ते त्याचे व्रत. आता त्या पहाऱ्यावर एक यंत्रही उभे आहे. सरकारी खात्याकडून ठरावीक मुदतीने त्याची पडताळणी होते आणि त्यावर मोहर उमटते.

मंडईतून निघून सोन्या मारुती चौकात यावे. येथील सराफाच्या पेढीवर एके काळी काळी कसोटी असे. तिच्यावर सोन्याची रेघ ओढून, शेजारी ठरावीक कसाच्या सुईची रेघ ओढून, दोन्हींचा रंग ताडून पाहिला जाई. तो रंग ओळखणारी नजर घडायला उमेदीची वर्षे जात. ग्राहकाला ती नजर नसे. त्याला पेढीचे नाव पुरे होते. आज दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एक सूक्ष्म क्रमांक कोरलेला असतो. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क असलेला दागिना या क्रमांकाखेरीज विकता येत नाही. ग्राहकाने तो क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या अॅपमध्ये घातला, की दागिन्याची शुद्धता आणि त्याची तपासणी करणारे केंद्र समोर येते. बनावट माल अस्सल म्हणून देणे, म्हणजे प्रतिरूपकव्यवहार, हा अचौर्याचा दुसरा अतिचार. त्याच्या वाटेवरही आता पहारा बसला आहे.

तेथून रविवार पेठेत शिरले, की परतलेल्या व्यापाऱ्याला आपल्या वडिलांचे दिवस आठवतील. सकाळी उघडणारा गल्ला, लाल कापडी बांधणीच्या वह्या, रोजमेळ, खतावणी. परगावच्या पेढीशी बोलायचे, तर ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास टेलिफोनपाशी बसणे. बँकेत पितळी टोकन हाती घेऊन नावाच्या पुकाराची वाट पाहणे. परगावचा चेक वसुलीला टाकला, तर तो टपालाने जाई, तेथील बँकेत वटे आणि पैसे जमा झाल्याची सूचना येईपर्यंत कधी आठवडे उलटत. या विलंबावर व्यापाऱ्यांनी शोधलेला जुना उपाय म्हणजे हुंडी. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे मिळत, मुदती हुंडीचे ठरलेल्या दिवशी. हुंडी हरवली, तर पैठ लिहून दिली जाई; तीही गहाळ झाली, तर परपैठ. शहाजोग हुंडी तर केवळ 'शहा'लाच, म्हणजे बाजारात ज्याची पत आहे अशा इसमालाच, चुकती केली जाई. सारा डोलारा माणसाच्या नावावर उभा होता.

आता त्याच पेठेत दुकानाच्या दारी एका पुठ्ठ्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन टांगलेला असतो. हा क्यूआर कोड जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केला. त्यातील मजकूर अशा खुबीने भरलेला असतो, की चौकोनाचा काही भाग मळला अथवा फाटला, तरी उरलेल्या भागावरून हरवलेला मजकूर पुन्हा जुळवता येतो. सर्वांत मजबूत प्रकारात सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी चालते. हळदीच्या हातांनी डागाळलेला पुठ्ठाही म्हणूनच वाचला जातो. हुंडीची पैठ आणि परपैठ जणू त्याच कागदात लिहून ठेवलेली आहे.

या चौकोनामागची यंत्रणा मात्र पूर्णपणे भारतीय आहे. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०१६ साली यूपीआय सुरू केले. ग्राहकाने फोनचा कॅमेरा चौकोनावर धरला, की विक्रेत्याच्या खात्याचा पत्ता वाचला जातो. ग्राहक रक्कम आणि आपला गुप्त क्रमांक भरतो, त्याच्या बँकेतून पैसे वजा होतात, विक्रेत्याच्या बँकेत जमा होतात, आणि दुकानातील छोटा ध्वनिक्षेपक रक्कम मोठ्याने सांगतो. बँकाबँकांतील हिशेब व्यवहारागणिक होत नाही. दिवसातून ठरलेल्या वेळी परस्परांची येणी-देणी वजा करून उरलेली रक्कम रिझर्व्ह बँकेतील खात्यांवर मिटवली जाते. सराफी पेढ्या एकमेकींच्या हुंड्या वळत्या करून घेत, त्या रीतीशी हे जुळते. वेग आणि व्याप मात्र त्या पेढ्यांच्या कल्पनेपलीकडचा आहे. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात अशा व्यवहारांची संख्या २,००० कोटींच्या पुढे गेली.

अँटवर्पहून आलेल्या माणसाला कार्डाने पैसे देणे नवे नाही, आणि नैरोबीहून आलेल्याने तर मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सोय २००७ सालापासून पाहिलेली आहे. तरीही मंडईत कोथिंबिरीची जुडी विकणाऱ्या बाईच्या फळकुटावर तो चौकोन पाहून त्यांतला प्रत्येक जण थांबेल. तिला ना पेढी, ना जामीन, ना कोणा सराफाची ओळख. जुन्या बाजारात तिच्या नावाची हुंडी कोणी लिहिली नसती. आज दिल्लीचा अनोळखी प्रवासी तिला दहा रुपये देतो आणि ते तिच्या खात्यात तत्काळ जमा होतात. भाजीवालीही शहाजोग झाली, हे या पेठेतील सर्वांत मोठे आश्चर्य आहे.

पेठेतून गुरुवार पेठेत गोडीजी पार्श्वनाथांच्या मंदिरात दर्शनाला जाणे ओघाने आलेच. घंटेचा नाद, केशराचा गंध, ओट्यावर अक्षतांनी स्वस्तिक रेखणारी वृद्धा, यांत पन्नास वर्षांनी फरक पडलेला दिसणार नाही. मात्र ठिकठिकाणच्या धर्मसंस्थांत आता भंडाराच्या पेटीशेजारी तोच चौकोन दिसू लागला आहे. सोय मोठी आहे आणि हिशेबही स्वच्छ राहतो. प्राप्तिकरातील सवलतीसाठी तर दोन हजार रुपयांवरील रोख दान चालतच नाही. पण मूठ झाकून पेटीत टाकलेले दान देणाऱ्यालाच ठाऊक असे. फोनवरून दिलेल्या दानाला नाव, वेळ आणि क्रमांक चिकटतो. गुप्तदान करू पाहणाऱ्याने जुन्या पेटीकडेच जावे, हे बरे.

शेवटचा मुक्काम गुलटेकडीचा. भवानी पेठेतील भुसार बाजाराची जागा आज मार्केट यार्डाने घेतली आहे. येथे परतलेल्या व्यापाऱ्याची नजर एका नाहीशा झालेल्या वस्तूचा शोध घेईल, ती म्हणजे जकात नाका. शहराच्या वेशीवर मालमोटारींच्या रांगा, पावत्यांची तपासणी आणि त्याभोवती चालणारी घासाघीस त्याला चांगली आठवते. पुण्यातील जकात १ एप्रिल २०१३ रोजी उठली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर १ ऑगस्ट २०१५ रोजी बहुतांश व्यापाऱ्यांपुरता गेला आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. परराज्यात जाणाऱ्या पन्नास हजार रुपयांवरील मालासाठी एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल संगणकावर तयार करावे लागते. माल कोणाचा, कोठून कोठे आणि कोणत्या गाडीतून जात आहे, हे गाडी हलण्यापूर्वीच नोंदले जाते. राज्याच्या नियमाचे उल्लंघन, अर्थात विरुद्धराज्यातिक्रम, हा तिसरा अतिचार. त्याच्याही आड आता एक क्रमांक उभा आहे.

अशा रीतीने अचौर्याच्या पाच अतिचारांपैकी तिघांवर यंत्रांनी पहारा बसवला. उरले दोन: चोराला साहाय्य करणे, म्हणजे स्तेनप्रयोग, आणि चोरीचा माल स्वस्तात घेणे, म्हणजे तदाहृतादान. या दोघांना यंत्राने आवर घातला असता, तर परतलेल्या व्यापाऱ्याचे आश्चर्य पूर्ण आनंदाचे झाले असते. घडले मात्र उलटे.

फोनवरून धाक घालून वृद्धांची आयुष्यभराची ठेव लुबाडणाऱ्या टोळ्यांना ते पैसे उतरवून घ्यायला कोणाचे तरी खरे, स्वच्छ खाते लागते. थोड्या कमिशनच्या मोहाने आपले बचत किंवा चालू खाते 'फक्त काही दिवसांपुरते' वापरायला देणारी माणसे त्यांना मिळतात. त्यांत कधी कॉलेजचे विद्यार्थी असतात, कधी मंदीत सापडलेले छोटे दुकानदार. खाते देणाऱ्याने स्वतः कोणाला लुबाडलेले नसते. त्याने केवळ वाट दिलेली असते. स्तेनप्रयोगाचे याहून नेमके उदाहरण शोधूनही सापडणार नाही. जी यंत्रणा भाजीवालीला सचोटीने पैसे पोहोचवते, तीच चोराचा पैसाही तितक्याच तत्परतेने पोहोचवते. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे, हे घरातील प्रत्येक ज्येष्ठाला ठाऊक हवे. आणि आपले खाते कोणाच्याही हाती देऊ नये, हे घरातील प्रत्येक तरुणाला.

बिलाशिवाय निम्म्या भावात मिळणारा माल आजही बाजारात फिरतो. तो घ्यावा की नाही, हे कोणताही काटा सांगत नाही.

जुन्या पेठेत पत माणसाच्या नावात होती. म्हणून माणूस नाव जपत असे. आता व्यवहारापुरती पत यंत्राने सर्वांना वाटून दिली आहे, आणि ते न्यायाचेच झाले. पण त्यामुळे नाव जपण्याची गरज संपली, असा समज नव्या पिढीने करून घेतला, तर पन्नास वर्षांनी परतलेल्या त्या व्यापाऱ्याला पेठ ओळखू येणार नाही. दिवाळीला चोपडापूजन होते, तेव्हा लाल वहीशेजारी आता संगणकावरही कुंकवाचे बोट लागते. गौतमस्वामींच्या लब्धीची आणि शालिभद्राच्या ऋद्धीची प्रार्थना दोहोंसमोर सारखीच होते. वहीत काय लिहायचे हे वडील ठरवत, संगणकात काय लिहायचे ते मुलगा ठरवतो. अचौर्याचे व्रत त्या लिहिणाऱ्याने घ्यायचे असते, आणि ते अजूनही त्याच्याकडेच आहे.