खेमकरणची गाडी

भाद्रपदात अल्लीपूरच्या शिवारात शिरलं की आधी वास येतो. पऱ्हाटी कमरेला लागलेली असते, पाठीवर पंप घेतलेला माणूस तासातून पुढे सरकत असतो आणि ओल्या मातीच्या वासावर फवारणीचा उग्र दर्प चढून बसलेला असतो. हिंगणघाट तालुक्यातलं हे कापसाचं गाव. या भागातल्या कितीतरी घरांत तो दर्प आला की पिकाआधी गेलेलं माणूस आठवतं. 2006 साली शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांचं पॅकेज विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी आलं, त्यांत वर्धा होता. कर्ज, व्याज, सिंचन यांवर पुष्कळ बोललं गेलं. त्या माणसाशी शेवटचं कोण बोललं होतं, हे मात्र फार कुणी विचारलं नाही.

हा प्रश्न पडला की एक लष्करी गाडी आठवते. 1965 चं युद्ध, पंजाबातलं खेमकरण. गाडी चालवत होता किसन बाबूराव हजारे, पारनेर तालुक्यातल्या राळेगण सिद्धीचा जवान, पुढे अण्णा हजारे म्हणून ओळखला गेलेला. हल्ल्यात सोबती गेले, हा वाचला. वाचलेल्याचं पुढे काय होतं, याची नोंद लष्कराच्या इतिहासात सहसा सापडत नाही. हजारेंच्या बाबतीत ती आहे, कारण त्यांनी स्वतःच ती पुन्हा पुन्हा सांगितली. जगायचं कशासाठी, या प्रश्नाने त्यांना इतकं घेरलं होतं की आता जगायचं नाही, असं त्यांनी कागदावर लिहूनही काढलं होतं. मग नवी दिल्ली स्टेशनवरच्या स्टॉलवर विवेकानंदांचं छोटं पुस्तक हाती आलं.

त्या वेळी त्यांच्याशी बोलायला कुणी नव्हतं. पुस्तक भेटलं, हा योगायोग. महाराष्ट्राने अण्णांच्या चरित्रातला हा प्रसंग चमत्कारासारखा ऐकला आणि त्यातली भीती ऐकायची राहून गेली. ज्यांना असं पुस्तक भेटलं नाही, त्यांची चरित्रं लिहिली जात नाहीत.

1975 मध्ये, अडतिशीच्या उंबरठ्यावर, अण्णा गावी परतले. यादवबाबांच्या देवळाचा जीर्णोद्धार, पाणलोट, दारूच्या भट्ट्या बंद करणं हा भाग शाळकरी मुलांनाही पाठ आहे. मृत्यूच्या काठावरून परतलेला माणूस बुडणाऱ्या गावाकडे वळला, ही महाराष्ट्रातल्या माजी सैनिकांच्या इतिहासातली मोठी घटना. पण याच राळेगणमध्ये दारुड्यांना खांबाला बांधून पट्ट्याने मारलं गेलं, आणि अण्णांनी त्याचं समर्थन आजारी लेकराला कडू औषध पाजणाऱ्या आईचा दाखला देऊन केलं. इथे मन अडतं. ज्याला स्वतःच्या अंधारात शब्दांनी हात दिला, त्याने दुसऱ्याच्या अंधारात पट्टा का उचलावा? पिणाऱ्याच्या आतही एखादं खेमकरण असू शकतं. वर्धा जिल्ह्यात तर सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. कायद्याने दुकान बंद होतं, तहान कुठून येते हे त्याला विचारता येत नाही.

मध्येच एक परका सैनिक आठवतो. विल्फ्रेड बिऑन, 1897 साली मथुरेत जन्मलेला इंग्रज. पहिल्या महायुद्धात तो रणगाडा दलात होता, विशीत शौर्यपदक मिळालं. 8 ऑगस्ट 1918 ला आमियाँजवळ त्याचा निरोप्या स्वीटिंग त्याच्या शेजारीच जबर जखमी झाला. तो पोरगा विनवत राहिला, माझ्या आईला पत्र लिहा म्हणून. बिऑनला ते ऐकवलं नाही, त्याने त्याला गप्प राहायला सांगितलं. पुढे तो डॉक्टर झाला. दुसऱ्या महायुद्धात, पंचेचाळिशीत, नॉर्थफील्डच्या लष्करी रुग्णालयात त्याने खचलेल्या सैनिकांना गटात बसवून, त्यांचा कारभार त्यांच्याच हाती देऊन उपचाराची नवी वाट शोधली. मनोविश्लेषक म्हणून शिक्षण पुरं झालं तेव्हा पन्नाशी उलटली होती. 1958 मध्ये त्याने आमियाँची हकीगत पुन्हा लिहायला घेतली, नंतर आत्मचरित्रातही स्वीटिंग आलाच. जन्मभर दुसऱ्यांचं ऐकणारा हा माणूस त्या एका न ऐकलेल्या विनवणीपाशी परत परत जात राहिला.

खेमकरण आणि आमियाँ ही दोन्ही ठिकाणं अल्लीपूरपासून फार दूर. पण शेजारच्या अमरावती जिल्ह्यात काय घडलं ते बघा. डॉ. राहुल शिधये आणि 'संगत' संस्थेच्या सहकाऱ्यांनी तिथल्या 30 गावांत 'विश्राम' हा उपक्रम चालवला. गावपातळीवरच्याच माणसांना शिकवून नैराश्याशी झुंजणाऱ्यांच्या घरी पाठवलं, गरजेप्रमाणे डॉक्टरांशी जोडून दिलं. नैराश्यात मदत मागणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. 2017 साली लॅन्सेट सायकियाट्रीत ते प्रसिद्ध झालं. ओट्यावर बसून ऐकणारं माणूस तयार करता येतं, हे वऱ्हाडाच्या मातीतच सिद्ध झालेलं आहे.

मग या कामासाठी आपल्या माजी सैनिकांना कुणी का विचारत नाही? शिपाई पस्तिशी-चाळिशीत पेन्शनवर येतो. गाव त्याला झेंडावंदनाला बोलावतं, शहर त्याला एटीएमच्या दारात उभं करतं. वर्धा जिल्ह्यातल्याच पुलगावच्या दारूगोळा भांडारात 31 मे 2016 ला मध्यरात्रीनंतर आग लागली, दोन अधिकाऱ्यांसह अनेक जण गेले. त्यांत अग्निशमन दलाचे कर्मचारी होते, तसे डिफेन्स सिक्युरिटी कोअरचे जवान होते. या कोअरमध्ये बहुतेक निवृत्तीनंतर पुन्हा वर्दी चढवलेले फौजीच असतात. सोबत्याची पेटी बांधून त्याच्या घरी पाठवलेला, रात्रपाळीत शेजारच्याचा श्वास ओळखणारा माणूस आपण फाटकावर उभा करून ठेवतो. ही उधळपट्टी आहे.

लष्कराला हे उशिरा का होईना कळलं आहे. पलटणीतल्या पंडितजींना, म्हणजे धर्मशिक्षकांना, समुपदेशन शिकवलं जातं. पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, डिसेंबर 2023 पासून सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा वेगळा कक्षही सुरू झाला.

पेन्शनवर आलेल्या फौजी भावांनो, सेवाग्राम किंवा सावंगीच्या रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात एकदा जाऊन विचारा, आम्हाला असं ऐकायला शिकवाल का म्हणून. ग्रामपंचायतींनी त्यांच्या येण्या-जाण्याचा खर्च उचलावा. आणि आज रात्रीच कुणाचा जीव घुसमटत असेल, त्याने 14416 हा टेलीमानसचा नंबर लावावा. तो चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, आणि पलीकडचं माणूस मराठीत बोलतं.