दोन रेघांमधलं तेल

पंचवटीत सपाट जागा शोधावी लागते. इथली जवळपास प्रत्येक वाट शेवटी गंगेकडं उतरते. गोदावरीला नाशिककर गंगाच म्हणतात, आणि इथल्या जमिनीलाही तिची ओढ आहे. मालेगाव स्टँडवरून रामकुंडाकडं येताना उतार पायांना कळतो. काळाराम मंदिराच्या आसपासच्या गल्ल्यांत तो इतका मऊ होतो की चालणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. त्या गल्ल्यांत ओट्यांना लगटून, साइड स्टँडवर कललेल्या मोटरसायकलींच्या रांगा असतात. त्यांच्या पोटातल्या तेलाला मात्र तो उतार बरोबर कळतो. जमीन जराशी कलली तरी तेल एका बाजूला जातं, आणि ते मोजायची काडी खोटं सांगू लागते.

म्हणून तेल पाहायचं तर आधी जागा पाहावी लागते. पंचवटीतली मोठी सपाटी आहे ती खाली, नदीलगत: गौरी पटांगण, म्हसोबा पटांगण. बुधवारी गंगेवर बाजार भरतो, एरवी गाड्या लागतात. पण ती सपाटी नदीच्या मालकीची आहे; पावसाळ्यात नदी ती परत मागून घेते. मग वर राहणाऱ्यांनी काय करावं? कुणाच्या वाड्याचं फरसबंदी अंगण असतं, कुणाच्या सोसायटीचं पार्किंग. जागा नक्की सपाट आहे का याची शंका असेल तर फरशीवर तांब्याभर पाणी ओतावं. ते पसरून जागीच थांबलं, तर गाडी तिथं लावावी.

पातळी वाचण्याची विद्या या गावाला नवी नाही. रामकुंडाजवळ पात्रातच दुतोंड्या मारुती उभा आहे. गंगापूर धरणातून किती क्युसेक विसर्ग सुरू आहे हे बातम्यांत सांगतात, पण गावातलं माणूस दुसऱ्याला विचारतं ते असं: मारुतीला पाणी कुठवर लागलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. एवढ्या उत्तरावर सराफ बाजारातला माल माळ्यावर जातो, पटांगणावरच्या टपऱ्या हलतात, गाड्या वर आणल्या जातात. त्याहून मोठा पूर असेल तर नारोशंकराच्या देवळाच्या घंटेकडं डोळे लागतात. १७३९ साली मराठ्यांनी वसई जिंकली, तिथून आलेली ही पोर्तुगीजांची घंटा. आज ती नाशिकच्या महापुराची खूण झाली आहे. इंजिनाच्या झाकणाला लागलेली डिपस्टिक पाहिली की मला तो मारुतीच आठवतो. पात्रात उभं राहायचं आणि अंगावरच्या ओल्या खुणेनं सांगायचं, एवढंच दोघांचं काम. फरक असलाच तर हा की मारुतीला विचारायचं ते पाणी चढल्याचं, आणि काडीला दोन्हीकडचं विचारावं लागतं. तिच्यावर दोन रेघा असतात. खालच्या रेघेखाली गेलं तरी वाईट, वरच्या रेघेवर चढलं तरी वाईट.

आपल्या रस्त्यांवर स्प्लेंडरसारख्या १०० सीसीच्या गाड्या उदंड आहेत, म्हणून त्यांचंच सांगतो. सपाट जागी गाडी डबल स्टँडवर घ्यायची. इंजिन तीनेक मिनिटं नुसतं चालू द्यायचं, बंद करायचं आणि दोन-तीन मिनिटं थांबायचं. या थांबण्यात सगळं मर्म आहे. चालत्या इंजिनात तेल खाली बसलेलं नसतंच; पंप ते वर हेडमध्ये चढवत असतो, कॅमवरून, सिलिंडरच्या भिंतींवरून, क्लचच्या प्लेटांमधून ते ओघळत असतं. इंजिन बंद झाल्यावर त्याला घरी परतायला वेळ लागतो. तो वेळ द्यायचा. मग उजव्या बाजूचं झाकण फिरवून काढायचं, काडी स्वच्छ फडक्यानं पुसायची, आणि झाकणाचे आटे न बसवता नुसती टेकवून आत सोडायची. पुन्हा काढायची आणि उजेडात धरायची.

आटे बसवायचे नाहीत, याला कारण आहे. या गाड्यांत रेघा आखल्या आहेत त्या काडी टेकवलेल्या उंचीला धरून. झाकण आवळलं की काडी तेवढी खोल जाते आणि असल्यापेक्षा जास्त तेल दाखवते. माणूस निश्चिंत होतो आणि आत कोरड पडत असते. साइड स्टँडची गोष्ट नेमकी उलटी. गाडी डावीकडं कलते, तेल डावीकडं जातं, उजवीकडची काडी कमी दाखवते, आणि मालक गरज नसताना वर ओततो. काही कंपन्यांच्या गाड्यांत आटे बसवूनच पाहायचं असतं, म्हणून आपल्या गाडीची पुस्तिका एकदा तरी उघडावी. पल्सरसारख्या गाड्यांना इंजिनाच्या उजव्या अंगाला गोल काच असते. तिथं काडी पुसावी लागत नाही, पण गाडी सरळ आणि जागा सपाट हवी, हे चुकत नाही.

बुलेटवाल्यांना जुन्या बीडाच्या इंजिनाची आठवण असेल. त्यात तेलाचा कप्पा वेगळा. गाडी बरेच दिवस उभी राहिली की तेल तिथून हळूहळू क्रँकच्या पोटात झिरपतं, आणि काडी कोरडी निघते. नवखा माणूस घाबरून बाटली उलटी करतो. जाणता आधी इंजिन सुरू करतो, पंपाला तेल परत कप्प्यात आणू देतो, मगच काडी काढतो. मला ही रीत फार आवडते. उणीव दिसली की ती भरण्याआधी, गेलेलं परत येण्याजोगं आहे का हे त्यात पाहिलं जातं.

तेल दिसेनासं झालं ते आमच्या लहानपणी. त्याआधीच्या चेतक, प्रिया, राजदूत या टू-स्ट्रोक गाड्या पेट्रोलमध्येच तेल घ्यायच्या. पंपावर पेट्रोलच्या यंत्राशेजारी टू-टी ऑईलचा हातपंप असे. पंपावरचा माणूस दांडा ओढायचा, काचेत हिरवं-निळं तेल चढलेलं दिसायचं, आणि ते आपल्या डोळ्यांदेखत टाकीत पडायचं. दर खेपेला तेलाची भेट व्हायची. जळून त्याचा निळा धूर मागं राहायचा, तोही दिसायचा. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली. फोर-स्ट्रोक, पेट्रोलला हलकी, बिनधुराची. तिची जाहिरात घराघरांत पाठ झाली: फिल इट, शट इट, फर्गेट इट. ती पेट्रोलबद्दल होती आणि खरी होती. पण विसरण्याची सवय पेट्रोलपाशी थांबली नाही, असं मला वाटतं. गाडी घेणारा आजही पहिला प्रश्न ॲव्हरेजचा करतो. आतल्या तेलाची चौकशी गाडी आवाज करू लागल्यावर होते.

आणि ते तेल असतं तरी किती! या छोट्या इंजिनात जेमतेम लिटरभर. हीरोच्या गाडीसाठी बाटलीच मिळते ९०० मिलीची. चारचाकीत तीन-चार लिटर असतं, त्यातलं पावशेर गेलं तरी ती तग धरते. इथं पावशेर म्हणजे चौथा हिस्सा. शिवाय त्याच एवढ्याशा तेलानं इंजिनही सांभाळायचं, गिअरही आणि क्लचही. पाण्याचा रेडिएटर नाही, तेव्हा बरीच उष्णता वाहून नेण्याचं कामही त्याच्याकडंच. क्लच तेलातच बुडालेला असल्यामुळं बाटलीवर जासो या मानकाचं एमए किंवा एमए२ लिहिलेलं पाहावं लागतं. चारचाकीच्या तेलात घर्षण कमी करणारी द्रव्यं असू शकतात. ती इथं आली तर क्लच घसरतो, इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही.

संध्याकाळी दिंडोरी रोडच्या मार्केट यार्डाकडं पाहावं. मखमलाबाद, म्हसरूळच्या बाजूनं शेतकरी येत असतात. मागं कोथिंबिरीच्या जुड्या, मेथी, कधी कॅरेट एकावर एक बांधलेले. १०० सीसीच्या इंजिनावर दोन माणसांहून जड ओझं, पहिल्या-दुसऱ्या गिअरचा रस्ता, मार्चनंतरचं ऊन. अशा गाडीत तेल खालच्या रेघेखाली असेल तर चढावर पंपाच्या तोंडी तेलाऐवजी हवा येते. सगळ्यात वरचा कॅम आधी कोरडा पडतो. हेडमधून टकटक सुरू होते, आणि तरीही रेटली तर एक दिवस पिस्टन भिंतीला धरतो. इंजिन खोलायचं, बोअर-पिस्टन बदलायचं म्हणजे त्या घरातल्या कितीतरी जुड्यांचे पैसे. महिन्यातून दोनदा काडी पाहायला पैसा लागत नाही. म्हणूनच मी ज्याला त्याला हे सांगत सुटतो, आणि कुणाला कंटाळा आला तरी थांबत नाही.

पुस्तिका म्हणते, तेल सहा हजार किलोमीटरला बदला आणि मध्ये तीन हजारांना लागेल तेवढं भरा. पेठ नाक्याच्या बाजूला माझे मिस्तरी आहेत; ते दोन-अडीच हजारांच्या पुढं जाऊ देत नाहीत. "दादा, पुस्तक लिहिणाऱ्यानं आपला रस्ता पाह्यला नाही," असं त्यांचं म्हणणं. मी मध्ये कुठंतरी राहतो, पण पुस्तिकेतलं दुसरं वाक्य त्यांच्याइतकंच मानतो: मध्ये भरा. बदलणं सगळ्यांच्या लक्षात राहतं, मधलं पाहणं राहून जातं. जुनी गाडी थोडं तेल खातेच. रिंगा झिजतात, व्हॉल्व्हचे सील कडक होतात, कुठंतरी गॅस्केटशी ओल दिसते.

भरताना हात आवरावा लागतो. त्याच ग्रेडचं तेल, छोटं नरसाळं, आणि एका वेळी ५० मिली. बाटलीच्या अंगावर खुणा असतात, त्यांच्यावर अंगठा ठेवून ओतायचं. मग पुन्हा इंजिन चालवायचं, पुन्हा बंद, पुन्हा थांबायचं, पुन्हा काडी. वरची रेघ गाठलीच पाहिजे असा आग्रह नको. दोन रेघांच्या मध्ये कुठंही, जरा वरच्या अंगाला, बस. आपल्याकडं जास्त म्हणजे चांगलं अशी एक उदार समजूत आहे. पाहुण्याच्या पानात ती शोभते, इंजिनात नाही. रेघेवर चढलेल्या तेलात क्रँकशाफ्ट आपटू लागतो, तेल घुसळलं जाऊन फेस होतो, आणि फेसात हवा असल्यामुळं तो धातूंना अलग ठेवू शकत नाही. गाडी जड चालते. ब्रीदरच्या नळीतून तेल एअर फिल्टरपर्यंत पोचतं, सीलमधून पाझरतं. कमी तेलानं होणारी झीज जास्त तेलानंही होऊ शकते, हे कितीही सांगितलं तरी ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही.

जास्त झालेलं काढायला मोठी सिरिंज आणि तिला बसणारी बारीक नळी पुरते. झाकणाच्या भोकातून नळी सोडायची, २०-३० मिली ओढायचं, पुन्हा पाहायचं. खालचा ड्रेन नट ढिला करून काढणारेही आहेत, पण तेवढ्याशा तेलासाठी त्या वाटेला जाऊ नये. ॲल्युमिनियमचे आटे नाजूक असतात; पाना जरा जोरात फिरला की जातात, आणि मग तिथून थेंब कायमचा लागतो.

काडीवर पातळीइतकाच रंगही वाचायचा असतो. नवं तेल सोनेरी, चाललेलं तपकिरी, फार चाललेलं काळं. काळं म्हणजे वाईटच असं नाही. आतली काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. भीती बाळगावी ती दुधाळ रंगाची, कारण त्याचा अर्थ तेलात पाणी शिरलं. सप्टेंबर २००८ चा पूर, ऑगस्ट २०१६ चा, २०१९ चा, पंचवटीनं असे पूर पाहिले आहेत. पुरात बुडालेल्या गाडीपाशी माणूस धावतो आणि सवयीनं आधी किक मारतो. तीच मारू नये. आत पाणी असेल तर ते पंपासरशी बेअरिंगांपर्यंत पोचतं. सिलिंडरमध्ये भरलं असेल तर दाबलं जात नाही आणि काहीतरी वाकतं. आधी काडी काढावी. तेल दुधाळ दिसलं किंवा वरच्या रेघेच्या कितीतरी वर चढलेलं दिसलं, तर गाडी ढकलतच गॅरेजला न्यावी, सगळं तेल काढून टाकावं, नवं घालावं, थोडं चालवून तेही बदलावं. दोन बाटल्या जातात, इंजिन राहतं.

काढलेल्या काळ्या तेलाचं पुढं काय होतं, याची काळजी मला पातळीपेक्षा जास्त आहे. सेंटरिंगच्या फळ्यांना ते लावतात, वाळवीला म्हणून लाकडाला फासतात, आणि उरलेलं कुठंतरी ओततात. पंचवटीत कुठंतरी म्हणजे गटार, गटार म्हणजे वाघाडी नाला, आणि वाघाडी म्हणजे गंगा. उतार कुणाला सोडत नाही. वापरलेल्या तेलात झिजलेल्या धातूचे कण असतात, जळक्या इंधनाचे अंश असतात; २०१६ च्या नियमांनी त्याला घातक कचऱ्यातच धरलं आहे. ते परवानाधारकाकडं गेलं तर शुद्ध होऊन पुन्हा वंगण होऊ शकतं. पाण्यात गेलं तर लिटरभर तेलाचा तवंग केवढा पसरतो, हे पावसाळ्यात रस्त्यावरच्या डबक्यातही दिसतं. आणि त्याच गंगेत रामकुंडावर कुणी आईबापाच्या अस्थी घेऊन उतरलेलं असतं, कुणी लेकराला धरून पहिली बुडी देत असतं.

मिस्तरींच्या गॅरेजात कोपऱ्यात झाकणाचा निळा पिंप आहे. ड्रेन नट काढला की पसरट घमेल्यात तेल घेतात, ठिबकणं थांबेपर्यंत गाडी उभी ठेवतात आणि घमेलं पिंपात रितं करतात. भरला की पिंप न्यायला टेम्पो येतो. नव्या गॅरेजात गाडी टाकायची वेळ आली तर मी दरपत्रक विचारण्याआधी तो पिंप कुठं आहे ते विचारतो. नसेल तर तेल बदलून घेतो, काळं तेल त्याच रिकाम्या बाटलीत परत मागतो, आणि पेठ नाक्यावर नेऊन देतो.