घरचा ध्वनिवर्धक

'ध्वनिवर्धक' या शब्दाशीं आमचें फार दिवसांचें वांकडें आहे. ज्यानें तो प्रथम घडविला त्याचा हेतु शुद्ध असेल, आणि शब्दाच्या व्याकरणांतहि कांहीं दोष नाहीं. परंतु तो उच्चारतांच ऐकणाऱ्याच्या मनांत उभा राहतो तो लग्नाच्या मांडवांतील भोंगा. वास्तविक भोंगा निराळा आणि त्याच्या पाठीमागें बसून त्याला बळ पुरविणारें यंत्र निराळें. आमच्या जव्हार-मोखाड्याकडे सामान्य लोक या यंत्राला सरळ 'मशीन' म्हणतात व चार बुकें शिकलेले 'अँप्लिफायर' म्हणतात. आम्ही महाविद्यालयांत शिकवितों इंग्रजी आणि लिहितों मराठी. तेव्हां आम्हांस दोन्ही शब्द सारखेच उसने वाटतात. या लेखापुरता आम्ही ध्वनिवर्धकच पत्करतों. मात्र वाचकांनीं भोंगा तेवढा मनांतून काढून टाकावा.

असा एक ध्वनिवर्धक आम्हीं गेल्या वर्षीं स्वतःच्या हातांनीं बांधला. येथील 'आम्हीं' हें लेखकाचें नेहमींचें आदरार्थी बहुवचन नव्हे; खरोखरच आम्ही दोघे होतों. दुसरा आमच्या प्रयोगशाळेचा मदतनीस. तो मोखाडा तालुक्यांतील एका पाड्यावरचा, जातीनें वारली, वयानें पस्तिशीच्या आंतला आणि तारकाम रीतसर शिकलेला. हातीं डाखाची कानस असली कीं त्याच्या बोटांना जी स्थिरता येते ती आम्हांस खडू धरून तीस वर्षांत आली नाहीं.

निमित्त झालें एका कॅसेटीचें. जुनें कपाट आवरतांना ती निघाली. १९९७ सालीं आमच्या एका विद्यार्थ्यानें परीक्षेच्या निबंधासाठीं पाड्यापाड्यांवर हिंडून कांहीं गाणीं भरून आणिलीं होतीं, त्यांतली ती एक. वर पाड्याचें नांव, वाजविणाराचें नांव आणि 'तारपा' एवढेंच लिहिलेलें. मदतनिसानें ती हातांत घेतली आणि तो उभाच राहिला. वाजविणाराचें नांव त्याच्या बापाचें होतें. बाप २००९ सालीं वारला. त्याचा आवाज असा घरांत कोठेंच नव्हता. प्रयोगशाळेंतल्या जुन्या यंत्रावर ती लावून पाहिली. प्रथम नुसती सरसर. मग कोणी चार-सहा शब्द पुटपुटल्यासारखे. आणि मग फार दुरून, डोंगरापलीकडून आल्यासारखा, तारपा.

हें दूरपण आम्हांस चमत्कारिक वाटलें. तारप्याला आणखी मोठें करण्याची गरज कोणास पडावी? ज्यांनीं तो ऐकला नसेल त्यांच्यासाठीं सांगतों. वाळलेल्या भोपळ्याच्या पोटांत फुंक सांठवावयाची, तीं जिभल्या बसविलेल्या बांबूच्या दोन नळ्यांतून जाते, आणि पुढें ताडाच्या पानांचा गुंडाळलेला लांबट कर्णा असतो. भातकापणीच्या दिवसांत वाजविणारा मध्यें उभा राहतो, बायका-पुरुष एकमेकांच्या कमरेंत हात घालून त्याच्याभोंवतीं फेर धरतात, आणि तो ज्या अंगाला वळेल त्या अंगाला फेर वळतो. वारली चित्रांतला शंखासारखा वेटोळा नाच सर्वांनीं पाहिलेला असतो. डहाणूकडील जिव्या सोमा म्हसे यांनीं तो जगभर पोंचविला. सांगावयाचें तें हें कीं, तारपा स्वतःच एक ध्वनिवर्धक आहे. तो या कॅसेटींत इतका क्षीण कां? यंत्र नादुरुस्त असेल, मनुष्य आजारी असेल, कांहींहि असेल. भरणारा विद्यार्थी आज हयात नाहीं, तेव्हां विचारणार कोणाला? तो क्षीण आवाज आहे तसाच, कांहीं न मिसळतां, मोठा करून ऐकणें एवढाच मार्ग उरला. बाजारांतले ध्वनिवर्धक आम्ही ऐकून पाहिले. त्यांतल्या स्वस्तांना ढोल तेवढा प्रिय. बारीक आवाजाची त्यांना किंमत नाहीं.

मोठें करणें सोपें आहे. न मिसळतां मोठें करणें कठीण. या विद्येचा सगळा इतिहास या दुसऱ्या गोष्टीचा आहे. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईंत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें ध्वनिक्षेपण सुरू झालें. त्यानंतर दहाच दिवसांनीं, २ ऑगस्टला, तिकडे अमेरिकेंत हॅरॉल्ड ब्लॅक नांवाचा तरुण एंजिनियर हडसन नदींतून नावेनें कामावर चालला असतां त्याला एक युक्ति सुचली व ती त्यानें हातांतल्या वर्तमानपत्रावरच मांडली. यंत्रांतून बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा अंश उलटा करून पुन्हां तोंडाशीं आणावयाचा, म्हणजे यंत्रानें पदरचें जें मिसळलें असेल तें त्याचें त्यालाच वजा करावें लागतें. त्यांत जोर पुष्कळ खर्ची पडतो, पण खरेपणा हातीं लागतो. पेटंट मिळावयास १९३७ साल उजाडलें. जोर मिळविण्यासाठीं जन्मलेल्या यंत्रानें जोर मुद्दाम फेकून द्यावा, हें जाणत्यांनाहि पटण्यासारखें नव्हतें. आज हीच युक्ति ध्वनिवर्धकांतून जवळजवळ सर्वत्र आढळते, आमच्यांतहि आहे.

सामानासाठीं आम्ही मोखाड्यावरून एस.टी.नें कसारा व तेथून लोकलनें मुंबई गांठली. लॅमिंग्टन रोडला आतां सरकारी नांव निराळें आहे, पण विजेच्या सुट्या भागांची पंढरी तीच. अठरा-शून्य-अठरा व्होल्टांचा ट्रान्स्फॉर्मर, ४७०० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर, अल्युमिनियमची हीट-सिंक आणि शेवटीं जोर लावणारी ट्रान्झिस्टरांची जोडी, टू-एन ३०५५ व एम-जे २९५५. या ३०५५ ची कुळी जुनी. १९६० नंतरच्या दशकापासून जगभरच्या हौशी लोकांनीं त्याच्यावर हात भाजून घेतले आहेत. पोलादी टोपी घातलेला हा प्राणी ११५ वॉटपर्यंतची उष्णता सोसतो अशी त्याची ख्याति, अर्थात् त्याची टोपी थंड ठेवतां आली तर.

पहिली परीक्षा इकडचे वायरमन करतात तशी केली. घरच्या विजेच्या वाटेवर शंभर वॉटचा जुना तारेचा दिवा ओळीनें जोडावयाचा. याला ते 'सिरीज बोर्ड' म्हणतात. यंत्र निर्दोष असेल तर दिवा एकदां लुकलुकून मंदावतो. आंत कोठें बोंब असेल तर तो लखलखीत पेटतो आणि यंत्राचा घात स्वतःच्या अंगावर घेतो. आमचा दिवा मंदावला. पण आवाज थोडा चढवितांच, पंधरा मिनिटांत, भगभगून पेटला. एक ३०५५ आंतून जळून एकजीव झाला होता. मदतनिसानें तो शिकंज्यांत धरला व हॅक्सॉनें टोपी कापली. आंत जो सिलिकॉनचा चौकोन चांगला चार मिलिमीटरांचा असावयास हवा, तेथें तिळाएवढा ठिपका! टोपी थोराची, आंत पोर. ज्या दुकानांतून तो आणला तें नांव येथें सांगण्याचें कारण नाहीं. असा माल हिंदुस्थानांतच काय, जगांतल्या बहुतेक बाजारांत फिरतो. पुढच्या खेपेस दुसरीकडून, दाम अधिक देऊन आणले, आणि ते अद्याप शाबूत आहेत.

मग गुणगुण. तीं पन्नास-शंभर कंपनांची जी एकसुरी घरघर असते तिच्याविषयीं गांवच्या जाणकारांचें एकमत पडलें कीं, 'सर, इकडे कातळ आहे, अर्थ लागत नाहीं.' कातळ खरा. उन्हाळ्यांत तो इतका कोरडा पडतो कीं अर्थाच्या खड्ड्यांत पाणी ओतावें लागतें. पण ही घरघर त्या कातळाची नव्हती. आराखड्यांत जमिनीची खूण दहा ठिकाणीं सारखीच काढलेली असते. प्रत्यक्षांत त्या दहा ठिकाणांमध्यें तार असते आणि तारेला रोध असतो. मदतनिसानें सर्व परतीच्या तारा एकाच बिंदूला आणून बांधल्या व घरघर थांबली.

एवढें झाल्यावर यंत्र उत्तम गाऊं लागलें. नाट्यपदें, चित्रपटगीतें, इंग्रजी वाद्यवृंद, सर्व कांहीं. अडलें तें कॅसेटीवर, आणि तेंहि संध्याकाळीं. दुपारीं प्रयोगशाळेंत ते पुटपुटलेले शब्द अर्धेमुर्धे कळण्याच्या बेतांत येत; संध्याकाळीं मदतनिसाच्या पाड्यावर यंत्र नेलें कीं त्याच शब्दांवर वाळू भुरभुरल्यासारखें होई. गाणीं मोठ्यानें लावावीं तर तेथेंहि ठीक. दोष फक्त हलक्या आवाजांत, फक्त दिवेलागणीनंतर.

वाचकांनीं दोघी जणींना एकाच उखळांत कांडतांना पाहिलें असेल. एकीचें मुसळ वर जातें तेव्हां दुसरीचें खालीं येतें. ध्वनिवर्धकांतील त्या जोडीचें काम असेंच: आवाजाच्या लाटेचा वरचा अर्धा भाग एक उचलतो, खालचा दुसरा. दोघांनीं निमिषभर दोन्ही हात लावलेले असावे लागतात; त्यासाठीं कांहीं आवाज नसतांनाहि दोघांतून थोडा प्रवाह वाहत ठेवतात. हा प्रवाह फार झाला तर जोडी तापून जळते. कमी पडला तर एकानें सोडलें आणि दुसऱ्यानें अजून धरलें नाहीं असा खंड पडतो. मोठ्या लाटेंत हा खंड बुडून जातो. लहान लाटेचा मात्र तो बहुतेक सगळा देहच खातो. ब्लॅकची युक्तिहि येथें पुरी पडत नाहीं. जेथें क्षणभर कोणीच काम करीत नाहीं तेथें सुधारणार कोणाला? गर्जनेवरून यंत्राची पारख करूं नये, असें आम्ही आतां म्हणतों, आणि विद्यार्थ्यांच्या वक्तृत्वस्पर्धेंतहि परीक्षक म्हणून हाच नियम लावतों.

पण हा प्रवाह तर आम्हीं नीट बांधून दिलेला होता: ०.२२ ओहमच्या रोधावर २० मिलिव्होल्ट, म्हणजे सुमारें ९० मिलिअँपिअर. मदतनिसानें वाद घातला नाहीं. एक वही घेतली. तीन दिवस पाड्यावर दर तासाला तो दोन आंकडे लिही, घरांतील विजेचा दाब आणि रोधावरील मिलिव्होल्ट. दुपारीं २२५ आणि २०. सात वाजतां, पाड्यांतील सर्व दिवे-पंखे लागल्यावर, १७० आणि ३. वहीनें दोष दाखविला. वीज बसली कीं पुढच्या भागाचा प्रवाह बसे, आणि त्याच्या जिवावर उभा असलेला हा निवांत प्रवाहहि बसे. दोन डायोड व एक लहान ट्रान्झिस्टर घालून पुढच्या भागाला दाबाशीं देणेंघेणें नसलेला स्थिर प्रवाह दिला. खर्च वीस रुपयांच्या आंतला. त्या संध्याकाळीं १७० व्होल्टांवर कांटा १९ वर उभा होता.

जव्हार-मोखाड्याचें नांव बाहेरच्या जगानें बहुधा मोठ्या आवाजांतच ऐकलें आहे. १९९२ सालीं वावर-वांगणीचीं मुलें कुपोषणानें दगावलीं तेव्हां मोटारी आल्या, भाषणें झालीं. मोखाडा तालुक्यांत मध्य वैतरणेचें धरण झालें, त्याचें पाणी मुंबईला जातें. त्याचाहि गाजावाजा झाला. दिवाळीनंतर पाडेच्या पाडे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात, तें मात्र फारसा आवाज न करतां.

कॅसेट आम्हीं पाड्यावरच लावली. मदतनिसाची आई ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. तिनें पूर्वीं यंत्राकडे कधीं लक्ष दिलें नव्हतें. सरसर झाली. मग तो आवाज, खोलींतल्या माणसानें बोलावें इतका जवळ: 'थांब, बाहेर जातों. पोर निजलें आहे.' शब्द त्यांच्या बोलींतले होते, अर्थ हा. पाठोपाठ पावलें, दूर जाणारीं, कुडाचें दार, आणि मग खळ्याच्या टोंकावरून तारपा. ध्वनिलेखकाचें यंत्र ओट्यावरच राहिलें होतें. मनुष्य क्षीण नव्हता, यंत्रहि बिघडलेलें नव्हतें. तो दूर उभा होता, इतकेंच.

मदतनीस हंसला, पोर म्हणजे तोच, तेव्हां सहा वर्षांचा. आई हंसली नाहीं. ती म्हणाली, नुसतें निजलें नव्हतें, तीन दिवस तापलें होतें. शहरांतला मुलगा पायीं आला होता आणि त्याला शब्द दिला होता म्हणून यानें वाजविलें. पहाटे पोराला खांद्यावर घेऊन तो मोखाड्याच्या दवाखान्यांत चालत गेला. शेजारचीं दोन पोरें त्या पावसाळ्यांत गेलीं होतीं. हें सांगतांना तिचा आवाज चढलाहि नाहीं, उतरलाहि नाहीं. मदतनिसाला यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें.

तारपा संपला, दुसरी बाजू कोरी होती. आवाज बंद केला तरी यंत्र चालूंच राहिलें, आणि तो हीट-सिंकेवर तळहात ठेवून बराच वेळ बसला. ती कोमट होती. तेवढी ती असावयासच हवी.